सात वर्षे सक्तमजुरी म्हणजे नक्की किती? शिवाजीनगर ते येरवडा, शिक्षेचा हिशोब

‘घरात घुसून कोयत्याने वार करणाऱ्यास सात वर्षे सक्तमजुरी व दहा हजार रुपये दंड, दंड न भरल्यास आणखी सहा महिने कैद.’ पुण्याच्या वर्तमानपत्रांत आतल्या पानावर अशा धर्तीची बातमी नेहमी असते. वाचणारा ‘सात वर्षं आत गेला’ म्हणतो आणि पान उलटतो. पण न्यायाधीशाने उच्चारलेल्या त्या आकड्यापासून हिशोब नुसता सुरू होतो. त्यातून काही दिवस वजा होतात, काही वाढतात. ही बेरीज-वजाबाकी बहुतेक न्यायालयाबाहेर होते: तुरुंगाच्या कार्यालयात, पोलीस ठाण्यात, विभागीय आयुक्तांकडे, कधी थेट मंत्रालयात. शिक्षा जास्त की कमी यावर कट्ट्यावर तावातावाने बोललं जातं, पण माणूस खरोखर किती दिवस आत राहतो हे जिथे ठरतं तिकडे कुणाचं फारसं लक्ष नसतं. म्हणून वरची बातमी नमुना म्हणून घेऊ आणि तिचा एकेक तुकडा सोडवू.

कोणता कायदा, कोणतं न्यायालय

समजा घटना २०२१ ची आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तरी गुन्हा ज्या दिवशी घडला त्या दिवशीच्या कायद्यानेच शिक्षा होते. म्हणजे या आरोपीला जुनी भारतीय दंड संहिता लागू. शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात पुढची कित्येक वर्षं दोन्ही संहितांचे खटले शेजारशेजारी चालणार आहेत.

नव्या संहितेत शिक्षेचे सहा प्रकार आहेत: मृत्युदंड, जन्मठेप, कैद (सक्तमजुरीची किंवा साधी), मालमत्ता जप्त करणं, दंड आणि नव्याने आलेली समाजसेवा. कोणत्या न्यायालयाने किती शिक्षा द्यायची यालाही मर्यादा आहे. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड देऊ शकतात, मुख्य न्यायदंडाधिकारी सात वर्षांपर्यंत. सत्र न्यायाधीश कायद्यातली कोणतीही शिक्षा देऊ शकतात, पण फाशी दिली तर उच्च न्यायालयाने ती कायम केल्याशिवाय अमलात येत नाही. खुनाचा प्रयत्न हा सत्र न्यायालयाचा विषय, म्हणून आपला नमुना खटला तिथे चालला.

दोषी ठरवणं आणि शिक्षा ठरवणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे बातमीत दिसत नाही. दोषी ठरवल्यावर न्यायाधीशांना आरोपीचं शिक्षेबद्दलचं म्हणणं ऐकावंच लागतं. सरकारी वकील जखमेचं स्वरूप, हत्यार, आधीचे गुन्हे पुढे ठेवतात. बचाव पक्ष वय, पहिलाच गुन्हा, घरची जबाबदारी, तुरुंगातली वागणूक सांगतो. व्यवहारात ही सुनावणी पुष्कळदा दहा मिनिटांत आटोपते, आणि ‘आरोपी तरुण आहे, घरात म्हातारे आई-वडील आहेत’ एवढंच तोंडी सांगितलं जातं. वैद्यकीय कागद, नोकरीचा दाखला, घरच्यांची परिस्थिती दाखवणारी कागदपत्रं त्याच दिवशी नोंदीवर आली तर पुढे अपिलातही उपयोगी पडतात. फाशीची शक्यता असलेल्या खटल्यांत तर सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलं आहे की आरोपीची पार्श्वभूमी, मानसिक स्थिती आणि तुरुंगातलं वर्तन यांचे अहवाल मागवूनच निर्णय घ्यावा.

आपल्याकडे ‘या गुन्ह्याला इतकी वर्षं’ असा तक्ता नाही. खुनाच्या प्रयत्नाला दहा वर्षांपर्यंत, दुखापत झाली असेल तर जन्मठेपेपर्यंत, असा लांबरुंद पट्टा आहे आणि त्यातलं ठिकाण न्यायाधीश ठरवतात. त्यामुळे एकाच इमारतीतल्या दोन दालनांत सारख्या गुन्ह्याला चार वर्षं आणि आठ वर्षं होऊ शकतात. मलिमथ समितीने २००३ मध्ये मार्गदर्शक तत्त्वांची शिफारस केली होती. ती कागदावरच आहे. काही कायद्यांत मात्र खालची मर्यादा पक्की आहे. अमली पदार्थ व्यापारी प्रमाणात सापडला तर किमान दहा वर्षं आणि किमान एक लाख दंड. न्यायाधीशाला दया आली तरी त्याखाली जाता येत नाही.

अकराचे सात कसे होतात

आपल्या आरोपीवर तीन कलमं सिद्ध झाली असं धरू. खुनाचा प्रयत्न, सात वर्षं. हल्ल्याच्या तयारीनिशी घरात घुसणं, तीन वर्षं. जिवे मारण्याची धमकी, एक वर्ष. बेरीज अकरा, पण निकालपत्राच्या शेवटी ‘सर्व शिक्षा एकत्रित भोगायच्या आहेत’ असं वाक्य असेल तर तिन्ही एकाच दिवशी सुरू होतात आणि सर्वांत मोठी संपली की सगळ्या संपतात. ते वाक्य नसेल तर एकामागून एक. एका ओळीने चार वर्षांचा फरक पडतो, म्हणून निकालपत्र हातात आल्यावर आधी शेवटचं पान वाचावं. कैदेची शिक्षा झालेल्याला निकालाची प्रत लगेच आणि फुकट मिळते. बरेच नातेवाईक ती मागतच नाहीत.

दोन वेगळ्या खटल्यांत शिक्षा झाली तरी नियम तसाच आहे. पहिली शिक्षा भोगत असताना दुसरी झाली, तर दुसरी पहिली संपल्यावर सुरू होते; न्यायालयाने स्पष्टपणे ‘एकत्र’ म्हटलं तरच ती सोबत चालते. जन्मठेप भोगणाऱ्याला मात्र नंतरची शिक्षा सोबतच चालते. दुसऱ्या खटल्याच्या न्यायाधीशांना पहिल्या शिक्षेची माहिती वकिलाने दिली नाही, तर ते वाक्य निकालात येणार कुठून?

आधी भोगलेले दिवस

अटकेपासून निकालापर्यंत आरोपी जितके दिवस कोठडीत होता तितके शिक्षेतून वजा होतात. पोलीस कोठडी आणि न्यायालयीन कोठडी दोन्ही धरतात. जामिनावरचे दिवस धरत नाहीत. आपला आरोपी १० मार्च २०२१ ला पकडला गेला, १० सप्टेंबर २०२२ ला जामिनावर सुटला आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याला शिक्षा झाली, तर दीड वर्ष वजा. उरली साडेपाच. मधली सव्वादोन वर्षं तो तारखांना हजर राहत होता, दर रविवारी पोलीस ठाण्यात हजेरीही लावत असेल, पण त्याचा शिक्षेशी संबंध नाही.

इथे चुका होतात त्या तारखांच्या. एका गुन्ह्यात आत असलेल्या माणसाचा ताबा पोलीस दुसऱ्या गुन्ह्यात घेतात, तेव्हा दुसऱ्या गुन्ह्यातली कोठडी ‘अटक दाखवली’ त्या दिवसापासून मोजली जाते. एकाच काळात दोन्ही गुन्ह्यांत कोठडी असेल, तर तो काळ दोन्ही शिक्षांतून वजा होतो, हे महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये स्पष्ट केलं. पण शिक्षेच्या वॉरंटवर न्यायालयाच्या कारकुनाने एकच तारीख लिहिली असेल, तर तुरुंग तीच धरतो. तुरुंगाधिकारी स्वतःहून मागचे रिमांडचे कागद शोधत बसत नाही. वॉरंट चुकलं तर दुरुस्ती शिक्षा देणाऱ्या न्यायालयाकडूनच करून आणावी लागते, आणि ते पहिल्या महिन्यात सोपं असतं. चार वर्षांनी फाईल अभिलेख कक्षात गेलेली असते.

दंडाची शेपटी

दहा हजार दंड, न भरल्यास सहा महिने. ही सहा महिन्यांची कैद सातात मिसळत नाही. मुख्य शिक्षा संपल्यावर ती सुरू होते आणि ‘एकत्रित’ हे वाक्य तिला लागू पडत नाही. २०१८ मध्ये मोक्काच्या (संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याच्या) एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वेगवेगळ्या कलमांखालचे दंड थकवल्याच्या कैदा एकत्र भोगता येत नाहीत. म्हणजे तीन कलमांत तीन दंड असतील तर तीन शेपट्या एकामागून एक.

गुन्ह्याला कैद आणि दंड दोन्ही असेल, तर दंडाबदलची कैद त्या गुन्ह्याच्या कमाल कैदेच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त देता येत नाही. दंड कधीही भरता येतो, अगदी शेपटी भोगत असतानाही, आणि थोडाच भरला तर कैद त्या प्रमाणात कमी होते. सहा महिन्यांपैकी निम्मा दंड भरला तर तीन महिने. पैसे न्यायालयात भरायचे आणि पावती तुरुंगाच्या कार्यालयात पोहोचली याची खात्री करायची. दंड भरलाय पण कागद टपालात अडकलाय, आणि माणूस आतच, असं घडू शकतं. पावतीची एक प्रत मुलाखतीला जाताना सोबत न्यावी. ज्यांच्याकडे खरोखर पैसे नाहीत त्यांच्यासाठी केंद्र सरकारची २०२३ पासून गरीब कैद्यांना मदतीची योजना आहे. त्यात दंडासाठी पंचवीस हजारांपर्यंत रक्कम मिळू शकते आणि प्रस्ताव जिल्हा पातळीवरच्या समितीकडे जातो. मागायला हवी, एवढंच.

माफी, संचित रजा, अभिवचन रजा

येरवड्याच्या आतल्या बोलीत ‘माफी’ म्हणजे शिक्षेतून कमी होणारे दिवस. चांगलं वर्तन, नेमून दिलेलं काम पूर्ण करणं, जबाबदारीचं काम सांभाळणं यासाठी महिन्याला ठरावीक दिवस जमा होतात. वर्षभर एकही तुरुंगी गुन्हा नसेल तर वेगळी वार्षिक माफी. शिवाय कधीमधी विशेष प्रसंगी सरकार जाहीर करतं ती राज्य माफी. हे दिवस कैद्याच्या नोंदपत्रकावर चढतात, आणि मोबाईल सापडला, मारामारी झाली, रजेवरून उशिरा आला की त्याच पत्रकावरून उतरतात. अमली पदार्थांच्या कायद्यात शिक्षा झालेल्यांना मात्र कायद्यानेच माफी नाही. त्यांची दहा वर्षं बहुतांशी दहाच असतात. २०१६ च्या फेब्रुवारीत अभिनेता संजय दत्त पाच वर्षांची शिक्षा पूर्ण होण्याआधी येरवड्यातून सुटला तेव्हा मोठा गदारोळ झाला. त्यातलं दीड वर्ष आधीच्या कोठडीचं होतं आणि बाकी कपात माफीची. ती इतर कैद्यांना ज्या हिशोबाने मिळते त्याच हिशोबाने मिळाली का, हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. माफी नावाची गोष्ट असते, याबद्दल वाद नव्हता.

रजेचे दोन प्रकार आहेत आणि त्यांची गल्लत सगळेच करतात. फर्लो, कागदावर संचित रजा: तुरुंगात ठरावीक काळ काढल्यावर कुटुंबाशी संबंध टिकावा म्हणून मिळणारी. तिला वेगळं कारण द्यावं लागत नाही आणि ते दिवस शिक्षा भोगल्याचे धरतात. पॅरोल, म्हणजे अभिवचन रजा: जवळच्या नातेवाइकाचं गंभीर आजारपण, मृत्यू, लग्न, बायकोची प्रसूती, घर पडणं अशा कारणासाठी. ते दिवस शिक्षेत धरत नाहीत, म्हणजे तेवढी सुटका पुढे जाते. दोन्हींचा आधार १९५९ चे नियम, वेळोवेळी सुधारलेले. संचित रजेचा निर्णय सहसा कारागृह उपमहानिरीक्षकांकडे, नेहमीच्या अभिवचन रजेचा विभागीय आयुक्तांकडे, मृत्यूसारख्या तातडीच्या प्रसंगी अधीक्षकांकडे.

अर्ज अडतो तो बहुतेक वेळा पोलीस अहवालावर. कैद्याचं घर ज्या ठाण्याच्या हद्दीत आहे तिथून अहवाल मागवतात. ‘फिर्यादी त्याच वस्तीत राहतो, शांतता भंग होण्याची शक्यता’ एवढी एक ओळ अर्ज फेटाळायला पुरते. यावर चालणारा उपाय म्हणजे राहण्याचा पत्ता बदलून देणं: कैदी हडपसरचा आणि फिर्यादीही हडपसरचा असेल, तर रजेत सासवडला बहिणीकडे राहीन असं लिहून द्यायचं, आणि जामीनदार त्या गावचा द्यायचा. जामीनदार ऐन वेळी माघार घेतो, हेही नेहमीचं. नकार आला तर वरिष्ठांकडे अपील आणि मग उच्च न्यायालयात रिट. मुंबई उच्च न्यायालयात अशा याचिका सतत चालू असतात. दहशतवाद किंवा अमली पदार्थांची तस्करी अशा गुन्ह्यांतल्यांना संचित रजेचं दार बहुतेक बंदच आहे. उशिरा परतणाऱ्याची माफी कापली जाते, पुढच्या रजा अडतात आणि नवा गुन्हाही दाखल होऊ शकतो. आईच्या तेराव्यासाठी दोन दिवस जास्त थांबलेल्याला ते दोन दिवस फार महागात पडतात.

भिंतीच्या आत

येरवडा मध्यवर्ती कारागृह १८७१ चं. गांधीजी इथे होते आणि २४ सप्टेंबर १९३२ चा पुणे करार याच आवारात झाला, हे शाळेत शिकवतात. आजचं वास्तव गर्दीचं आहे. अधिकृत क्षमता अडीच हजारांच्या आसपास, आत त्याच्या दुपटीहून जास्त माणसं, आणि त्यातली बहुसंख्य अजून दोषी ठरलेलीच नाहीत. देशभराचं चित्रही तेच: २०२२ च्या अखेरीस भारतातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजारांवर बंदी होते, क्षमता ४ लाख ३६ हजारांची, आणि शंभरातले जवळजवळ ७६ कच्चे कैदी, म्हणजे खटला अजून न संपलेले. म्हणजे ज्याला आपण शिक्षेची जागा म्हणतो ती मुख्यतः वाट पाहण्याची जागा झाली आहे.

कच्चा कैदी स्वतःचे कपडे घालतो आणि त्याला सक्तीचं काम नसतं. शिक्षा झाली की तुरुंगाचे कपडे, नवा नंबर, वैद्यकीय तपासणी आणि कामाची वाटणी. सक्तमजुरी म्हटल्यावर डोळ्यासमोर दगड फोडणारी माणसं येतात. येरवड्यात मात्र सुतारकाम, विणकाम, शिवणकाम, बेकरी, धोबीकाम असे विभाग आहेत. सरकारी कार्यालयांना लागणारं लाकडी फर्निचर इथे बनतं, आणि दिवाळीत कैद्यांनी बनवलेल्या वस्तूंची विक्री पुणेकरांच्या परिचयाची आहे. साध्या कैदेत काम सक्तीचं नसतं, मागून घेता येतं. मजुरी मिळते, कारण सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये सक्तमजुरीलाही न्याय्य वेतन द्यावं असं ठरवलं. दर बघा: महाराष्ट्रात २०२३ च्या वाढीनंतरही अकुशल कामाला दिवसाला पन्नास रुपयांच्या आणि कुशल कामाला सत्तरच्या थोडं वर. यावर घर चालत नाही, कॅन्टीनचा साबण आणि चहा निघतो. २०२२ मध्ये राज्य सहकारी बँकेने येरवड्यातल्या कैद्यांना या मजुरीच्या जोरावर पन्नास हजारांपर्यंत कर्ज देण्याची ‘जिव्हाळा’ योजना सुरू केली, सात टक्के व्याजाने. घरची फी, वकिलाचे पैसे अशा खर्चांसाठी ती आहे.

गर्दीचा परिणाम शिक्षेच्या हिशोबावरही होतो, आणि हे बाहेर कमी कळतं. कारखान्यात जागा मर्यादित, म्हणून प्रत्येक पक्क्या, म्हणजे शिक्षा झालेल्या कैद्याला काम मिळत नाही. काम नाही तर मजुरी नाही आणि कामाची माफीही नाही. पोलीस बंदोबस्त मिळाला नाही की ससून रुग्णालयातली तपासणीची तारीख चुकते. समुपदेशक, शिक्षक, डॉक्टर हजारांमागे मोजके. एकांतवासाची शिक्षा कायद्यात आहे, सलग चौदा दिवसांपर्यंतच, पण न्यायालयं ती जवळपास देत नाहीत. ‘अंडा सेल’ हा कडेकोट पहाऱ्याचा विभाग ही सुरक्षेची व्यवस्था आहे, शिक्षेचा प्रकार नाही.

याच परिसरात महिला कारागृह आहे, जिथे सहा वर्षांपर्यंतचं मूल आईजवळ राहू शकतं, आणि खुलं कारागृहही आहे. खुल्या कारागृहात शिक्षेचा मोठा भाग चांगल्या वर्तनाने काढलेले कैदी शेतीकाम करतात. पहारा नावापुरता आणि माफी बंद तुरुंगापेक्षा कितीतरी जास्त. पळून जाणारे थोडे, कारण सुटका जवळ आलेली असते. एवढं चालणारं साधन अजून इतकं लहान का ठेवलं आहे, याचं पटणारं उत्तर मिळत नाही.

जन्मठेप चौदा वर्षांची नसते

हा गैरसमज मुळासकट काढायला हवा. १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की जन्मठेप म्हणजे उरलेलं आयुष्य. गंमत म्हणजे तो खटला पुण्याच्याच माणसाचा होता: गांधीहत्येच्या कटात शिक्षा झालेल्या गोपाळ गोडसेने माफी धरून आपली शिक्षा संपली असा दावा केला होता, तो फेटाळला गेला. मग चौदा कुठून आले? ज्या गुन्ह्याला फाशी होऊ शकते त्यात जन्मठेप झाली असेल, तर प्रत्यक्ष चौदा वर्षं भोगल्याशिवाय सरकारला सोडता येत नाही, असं कलम १९७८ मध्ये आलं. चौदा वर्षं झाली की मुदतपूर्व सुटकेचा विचार होऊ शकतो, इतकंच. आणि वीस वर्षांचा जो आकडा कधीकधी ऐकू येतो तो कायद्यात शिक्षेचे अपूर्णांक काढण्यापुरता आहे.

विचार कसा होतो? अधीक्षक नोंदपत्रक, वर्तनाचा अहवाल, पोलिसांचं मत, शिक्षा देणाऱ्या न्यायालयाचं मत जमवून प्रस्ताव पाठवतात. गृह विभाग गुन्ह्याच्या प्रकारानुसार प्रवर्ग ठरवतो, आणि प्रत्येक प्रवर्गाला किती वर्षांनंतर सोडायचं ते राज्याच्या २०१० च्या मार्गदर्शक सूचनांत आहे. धोरण मध्येच बदललं तर दोषी ठरवलं त्या दिवशीचं धोरण लागू होतं. नवं कैद्याच्या फायद्याचं असेल तर त्याचाही लाभ मिळतो. कोणत्या राज्याने ठरवायचं हा प्रश्न २००२ च्या गुजरात दंगलीतल्या बिल्किस बानो सामूहिक बलात्कार प्रकरणात आला: गुन्हा गुजरातमधला, पण खटला मुंबईत चालला आणि शिक्षा इथे झाली, म्हणून अधिकार महाराष्ट्र सरकारचा, असं ठरवून सर्वोच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०२४ रोजी गुजरातने दिलेली सुटका रद्द केली. फेब्रुवारी २०२५ पासून आणखी एक बदल आहे: धोरण असलेल्या राज्यांनी पात्र कैद्यांचा विचार त्यांनी अर्ज केला नसला तरी करायचा आहे. काही खटल्यांत उच्च किंवा सर्वोच्च न्यायालय फाशीऐवजी ‘तीस वर्षं माफीविना’ अशी शिक्षा देतं. तिथे राज्याचा प्रवर्ग चालत नाही. सत्र न्यायालयाला अशी शिक्षा देता येत नाही.

फाशीबद्दल थोडक्यात. १९८० पासून ती ‘दुर्मिळातल्या दुर्मिळ’ प्रकरणातच. महाराष्ट्रात फाशीची सोय येरवडा आणि नागपूर इथे. अजमल कसाबला २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात फाशी झाली. पण पुण्याने विलंबाचं उदाहरणही पाहिलं आहे. २००७ मध्ये एका बीपीओ कंपनीतल्या तरुणीवर बलात्कार करून तिचा खून करणाऱ्या दोघांची फाशी सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये कायम केली. दयेचे अर्ज फेटाळले गेले, आणि तरी फाशीची तारीख २०१९ च्या जूनची निघाली. कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरण्यात चार वर्षं गेली. उच्च न्यायालयाने या विलंबामुळे फाशी रद्द करून पस्तीस वर्षांची कैद दिली आणि डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. कायदा बदलला नव्हता, पुरावा बदलला नव्हता. फाईल थांबली म्हणून शिक्षा बदलली.

तुरुंगाविना शिक्षा

परिवीक्षा (प्रोबेशन) कायदा १९५८ पासून आहे आणि पुरेसा वापरला जात नाही. फाशी किंवा जन्मठेप होऊ शकणारे गुन्हे सोडून इतरांत न्यायालय चांगल्या वर्तनाच्या बंधपत्रावर सोडू शकतं, जास्तीत जास्त तीन वर्षं देखरेखीखाली. एकवीस वर्षांखालच्या आरोपीला तर सहसा तुरुंगात पाठवायचंच नाही आणि पाठवलं तर कारण लिहायचं, असा नियम आहे. त्यासाठी परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल लागतो, आणि बचावाच्या वकिलाने तो मागितला पाहिजे. नवी समाजसेवेची शिक्षा सहाच गुन्ह्यांना आहे, त्यात दारू पिऊन सार्वजनिक ठिकाणी धिंगाणा, बदनामी आणि पाच हजारांखालची पहिली चोरी येते. किती तास, कुठे, हजेरी कुणी घ्यायची, हे संहितेत लिहिलेलं नाही. म्हणून एका न्यायालयात झाडू मारणं तर दुसऱ्यात वाहतूक पोलिसांसोबत उभं राहणं, असं होऊ शकतं. आणि जाता जाता: मे २०२४ च्या पुण्यातल्या कल्याणीनगर अपघातानंतर, जिथे गाडी चालवणारा अल्पवयीन होता, गाजलेला तीनशे शब्दांचा निबंध ही शिक्षा नव्हती, बाल न्याय मंडळाने जामीन देताना घातलेली अट होती.

निकालानंतरचे पहिले दोन महिने

न्यायदंडाधिकाऱ्यांच्या शिक्षेविरुद्ध सत्र न्यायालयात तीस दिवसांत अपील, सत्र न्यायालयाच्या शिक्षेविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात साठ दिवसांत. फाशी असेल तर तीस. वकील नसेल तर कैदी तुरुंगातूनच अधीक्षकांमार्फत अपील पाठवू शकतो आणि विधी सेवा प्राधिकरण फुकट वकील देतं. नुसतं अपील करून माणूस बाहेर येत नाही; शिक्षा स्थगित करून जामीन मागावा लागतो. शिक्षा तीन वर्षांपर्यंतची असेल आणि आरोपी खटल्यात जामिनावर असेल, तर शिक्षा देणारं न्यायालयच अपिलापुरता जामीन देऊ शकतं. त्याच दिवशी अर्ज तयार हवा. मोठ्या शिक्षेत उच्च न्यायालय बघतं की अपील केव्हा ऐकलं जाईल. पाच वर्षांची शिक्षा आणि सहा वर्षांनी अपिलाची पाळी, तर अपिलाला अर्थ उरत नाही, म्हणून मुदतीच्या शिक्षेत स्थगितीकडे न्यायालयाचा कल असतो. अपील फेटाळलं गेलं तर उरलेले दिवस भोगायला परत जावंच लागतं.

जखमीच्या घरच्यांसाठीही एक गोष्ट. आरोपी सुटला, हलक्या कलमात दोषी ठरला किंवा भरपाई कमी मिळाली, तर ते स्वतः अपील करू शकतात. ‘शिक्षा कमी दिली’ एवढ्यासाठी मात्र करू शकत नाहीत. ते अपील सरकारनेच करायचं असतं, म्हणून सरकारी वकिलांकडे लेखी मागणी लगेच द्यावी.

सुटण्याआधी

सुटकेच्या महिनाभर आधी तुरुंगाच्या कार्यालयातून तारीख विचारून घ्यावी आणि ती स्वतःच्या हिशोबाशी ताडून पाहावी: शिक्षेची सुरुवात, वजा कोठडी, वजा माफी, अधिक अभिवचन रजेचे दिवस, अधिक न भरलेल्या दंडाची कैद. दुसऱ्या गुन्ह्यात हजर करण्याचं वॉरंट तुरुंगात पडलेलं असेल तर या खटल्यातली शिक्षा संपूनही फाटक उघडत नाही. त्या खटल्यातला जामीन आधीच करून ठेवावा लागतो. सुटताना जमा मजुरी, जप्त वस्तू आणि सुटकेचा दाखला घ्यायचा. दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा झालेल्याला सुटकेनंतर सहा वर्षं निवडणूक लढवता येत नाही; मतदान मात्र बाहेर पडल्यावर लगेच करता येतं, यादीत नाव असेल तर.